सतरा सह्या झाल्या, अठरावी होत नाही

प्रश्न : आमची सहकारी गृहनिर्माण संस्था कोल्हापुरात नागाळा पार्क परिसरात आहे. इमारत १९८७ ची असून सदनिका अठरा आहेत. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत आवारात पाणी शिरले आणि तळमजल्याच्या भिंतींना धरलेली ओल अजून हटलेली नाही. इमारतीची तपासणी करणाऱ्या अभियंत्यांनी दुरुस्तीपेक्षा पुनर्बांधणी हिताची ठरेल, असा अहवाल दिला. गेल्या वर्षी आम्ही सभा घेतली. सूचना आठ दिवस आधी व्हॉट्सॲप गटावर टाकली होती. अकरा सभासद आले आणि त्यांनी एकमताने विकासक ठरवला. आणखी सहा जणांच्या संमतीपत्रांवर नंतर घरोघरी जाऊन सह्या घेतल्या. तळमजल्यावर राहणारे एक निवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही सगळे ‘सर’ म्हणतो, ते मात्र सही देत नाहीत. त्यांनी वकिलामार्फत नोटीस पाठवून चार हरकती घेतल्या आहेत. सभा बेकायदा आहे. विकासकाच्या भागीदारी संस्थेत आमच्या अध्यक्षांचे मेहुणे भागीदार आहेत. सरांच्या दारापुढील बागेचा मोबदला धरलेला नाही. आणि वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्यांना घर सोडायचे नाही. काही सभासद म्हणतात, त्यांचे पाणी तोडा. काही म्हणतात, सभासदत्वावरून काढून टाका. एका माणसाने सतरा कुटुंबांना असे वेठीस धरणे कायद्याला मान्य आहे का?
— सचिव, कोल्हापूर

उत्तर : स. न. वि. वि.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. एकटा सभासद केवळ आपली इच्छा नाही म्हणून संस्थेचा पुनर्विकास रोखू शकत नाही. सहकारी संस्थेचा सभासद झाल्यावर, संस्थेच्या कारभारापुरते, व्यक्तीचे स्वतंत्र अस्तित्व संस्थेत विलीन होते आणि कायदा व उपविधी देतील तेवढेच हक्क त्याच्याकडे उरतात, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये पंजाबातील सहकारी संस्थांच्या एका प्रकरणात मांडले. त्याच तत्त्वाचा आधार घेऊन मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर २००९ मध्ये असे ठरवले, की सर्वसाधारण सभेने रीतसर घेतलेला पुनर्विकासाचा निर्णय विरोधातील सभासदांवरही बंधनकारक असतो आणि विकास करारावर सही न केलेल्या सभासदालाही जागा रिकामी करण्याचा अंतरिम आदेश देता येतो. त्यानंतरचे बहुतेक निकाल याच वाटेने गेले आहेत.

मात्र या निकालांतील ‘रीतसर’ या शब्दाकडे आपण दुर्लक्ष करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपण पाठवलेला तपशील वाचल्यावर सरांच्या चार हरकतींपैकी दोन न्यायालयात टिकणार नाहीत आणि दोन टिकतील, असे माझे मत झाले आहे. टिकणाऱ्या दोन हरकती पुनर्विकासाला नसून तो ज्या पद्धतीने ठरवला गेला त्या पद्धतीला आहेत. सही न मिळणे ही आपली खरी अडचण नाही, कारण त्या सहीवाचून काम अडत नाही. अडचण आहे ती आपल्या ठरावात.

पुढे जाण्यापूर्वी दोन कागद तपासून घ्या. पहिला म्हणजे संस्थेच्या नोंदणीचा दाखला. कोल्हापुरात अनेक इमारती लोकांच्या बोलण्यात ‘सोसायटी’ असतात. प्रत्यक्षात मात्र त्या घोषणापत्र नोंदवून १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली आलेल्या असतात आणि तिथे सदनिकाधारकाचा जमिनीतील अविभक्त हिस्सा त्याच्या स्वतःच्या नावावर असतो. तसे असेल तर वरील निकाल आपल्याला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत आणि हे उत्तर आपल्या उपयोगाचे राहणार नाही. दुसरा कागद म्हणजे नगर भूमापन कार्यालयातील मालमत्ता पत्रक. त्यावर अजून मूळ जमीनमालकाचे किंवा बांधकाम व्यावसायिकाचे नाव असेल, तर प्रथम अभिहस्तांतरण, म्हणजे जमिनीची मालकी संस्थेच्या नावे, करून घ्या. ते करून देण्यास समोरचा टाळाटाळ करीत असेल, तर त्याच्या सहीवाचून होणाऱ्या, म्हणजे मानीव, अभिहस्तांतरणाचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करता येतो. जमीन संस्थेच्या नावावर नसताना केलेला विकास करार पुढे कोणत्याही टप्प्यावर अडकू शकतो आणि ते अडकणे सरांच्या नोटिशीपेक्षा कितीतरी महाग पडेल.

आता सभेकडे वळू. गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी शासनाने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९(अ) खाली ३ जानेवारी २००९ रोजी निर्देश काढले आणि ४ जुलै २०१९ रोजी ते सुधारून पुन्हा जारी केले. सुधारित निर्देशांनुसार या विषयासाठी बोलावलेल्या विशेष सर्वसाधारण सभेची गणपूर्ती, म्हणजे किमान उपस्थिती, एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश आहे आणि निर्णयाला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्के सभासदांचा पाठिंबा लागतो. आपल्या अठरा सभासदांच्या संस्थेत गणपूर्तीला बारा जण हवेत आणि ठरावाला दहा. आपल्या सभेला अकरा आले होते. म्हणजे पाठिंबा पुरेसा होता, पण सभाच पूर्ण नव्हती आणि अपूर्ण सभेने केलेला ठराव सरांच्या वकिलांनी खोडून काढला तर त्याला उत्तर देणे कठीण जाईल. नंतर घरोघरी गोळा केलेल्या सहा सह्यांनी ही उणीव भरून निघत नाही. संमतीपत्र हा ठरावाला पूरक कागद आहे, तो सभेची जागा घेऊ शकत नाही. कारण सभेत सभासद एकमेकांसमोर प्रश्न विचारतात, विकासकांचे प्रस्ताव शेजारी शेजारी ठेवून पाहतात आणि मगच हात वर करतात. दारात उभ्या असलेल्या सचिवांना सही देणारा सभासद यातले काहीच करीत नाही.

सूचनेचेही तसेच आहे. निर्देशांनुसार सभेची सूचना चौदा दिवस आधी द्यावयाची असते. आपली सूचना आठ दिवसांची होती आणि तीही फक्त व्हॉट्सॲपवर. सर तो गट पाहतात का, हे आपण पत्रात लिहिलेले नाही. न्यायालयात मात्र पहिला प्रश्न बहुधा हाच येईल.

येथे आपले वकील असे सांगतील, की हे निर्देश मार्गदर्शक आहेत, बंधनकारक नाहीत आणि किरकोळ त्रुटींमुळे बहुमताचा निर्णय रद्द होत नाही, असे उच्च न्यायालयाने एकाहून अधिक प्रकरणांत म्हटले आहे. ते खरे आहे. छायाचित्रण झाले नाही, इतिवृत्त उशिरा पाठवले गेले, निविदांच्या जाहिरातीत एखादा तपशील राहिला, अशा त्रुटींना न्यायालये फार महत्त्व देत नाहीत, विशेषतः सभासदांचे मोठे बहुमत स्पष्ट असताना आणि कोणाची फसवणूक झालेली नसताना. पण गणपूर्तीच नसणे आणि पदाधिकाऱ्यांच्या नातेवाइकालाच काम मिळणे या गोष्टी एकत्र आल्या, की त्या किरकोळ राहत नाहीत. समितीचे सदस्य, पदाधिकारी किंवा त्यांचे नातेवाईक विकासक असू नयेत, असे हेच निर्देश स्पष्टपणे सांगतात. अध्यक्षांनी आता राजीनामा दिल्याने झालेली निवड शुद्ध होत नाही. मेहुणे भागीदारीतून बाहेर पडले तरी संशय उरेलच आणि उद्या बांधकाम रखडले तर आज सही केलेले सतरा जणच पहिल्यांदा अध्यक्षांकडे बोट दाखवतील. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की तो विकासक सोडून द्यावा आणि निवड नव्याने करावी. विकास करारनामा नोंदवलेला नसेल, तर तो आत्ता नोंदवू नका.

नवी सभा कशी घ्यावी, हे थोडे तपशिलाने सांगते, कारण पुढे जो काही वाद होईल तो या एका सभेच्या कागदांवर लढवला जाईल. सूचना प्रत्येक सभासदाला लेखी द्या आणि पोच घ्या. परगावी किंवा परदेशी असलेल्यांना पोच मिळणाऱ्या टपालाने व ई-मेलने पाठवा. सरांना द्यावयाची प्रत आपण स्वतः नेऊन द्या. त्यांनी पोच दिली नाही, तर दोन शेजाऱ्यांसमक्ष पंचनामा करून प्रत दारावर लावा आणि दुसरी टपालाने पाठवा. प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराने केलेला व्यवहार्यता अहवाल सूचनेसोबत जोडा, म्हणजे सभासद वाचून येतील. निविदा मोहोरबंद मागवून सभासदांसमोर उघडा. विकासक निवडीच्या सभेसाठी उपनिबंधक कार्यालयाकडे लेखी अर्ज करून प्राधिकृत अधिकारी मागवा, सभेचे ध्वनिचित्रमुद्रण करा आणि इतिवृत्त दहा दिवसांत सरांसह सर्व सभासदांना पाठवा. सर सभेला आले तर त्यांना पूर्ण बोलू द्या आणि त्यांची प्रत्येक हरकत त्यांच्याच शब्दांत इतिवृत्तात लिहून घ्या. अनेक सचिव विरोधी सभासदाचे बोलणे ‘काही सभासदांनी शंका उपस्थित केल्या’ एवढ्या एका ओळीत गुंडाळतात. तसे करू नका. हरकत ऐकून, तिचे उत्तर देऊन मग बहुमताने निर्णय झाला, हे दाखवणारे इतिवृत्त न्यायाधीशांसमोर गेले, की संस्थेची निम्मी बाजू तिथेच मांडून होते.

या सभेत एक प्रश्न आपण स्वतःहून उपस्थित करावा. आपला भूखंड पंचगंगेच्या निळ्या (नेहमीच्या पुराच्या) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) पूररेषेच्या संदर्भात नेमका कुठे येतो? राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत पूररेषांमधील बांधकामावर निर्बंध व अटी आहेत आणि जोत्याची पातळी लाल पूररेषेच्या हिशेबाने ठेवावी लागते. विकासकाने कागदावर दाखवलेले वाढीव चटई क्षेत्र या अटी पाळून प्रत्यक्षात बसते का, हे महापालिकेच्या नगररचना विभागाकडून लेखी समजून घेतल्याखेरीज कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवू नये. पूरग्रस्त भागातील नव्या इमारतीत तळमजला बहुधा वाहनतळासाठीच ठेवला जातो. म्हणजे आज उंबरठा ओलांडला की अंगणात येणाऱ्या सरांना उद्या वरच्या मजल्यावर, लिफ्टच्या भरवशावर राहावे लागेल. त्यांच्या विरोधाचे मूळ तिथे असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

बागेच्या हरकतीबद्दल थोडक्यात सांगते. १९८७ च्या सुमाराचा त्यांचा मूळ खरेदी करार मागवून वाचा. त्यात ती मोकळी जागा त्यांना दिल्याचा उल्लेख असेल, तर तिचा स्वतंत्र विचार करावा लागेल. तसा उल्लेख नसेल, तर ती संस्थेची सामाईक जागा आहे आणि एका सभासदाने वर्षानुवर्षे तिथे झाडे लावली म्हणून ती त्याच्या मालकीची होत नाही. ही हरकत बहुधा टिकणार नाही.

घर सोडायचे नाही, ही चौथी हरकत कायद्याच्या दृष्टीने सर्वांत दुबळी आहे. तरीही तिला सर्वांत अधिक वेळ द्या, असे मी सुचवते. शहात्तर वर्षांच्या माणसाला तीन वर्षे भाड्याच्या घरात राहायला सांगणे म्हणजे काय मागणे आहे, याचा विचार बैठकीत बसलेल्या चाळिशीतल्या सभासदांनी करायला हवा. अर्धवट पडलेले प्रकल्प, थकलेली भाडी आणि परत न मिळालेली घरे यांच्या बातम्या सरांनी वाचल्या असणार आणि त्यांची भीती निराधार नाही. या भीतीला करारातील कलमांनीच उत्तर देता येते. प्रकल्प खर्चाच्या २० टक्के रकमेची बँक हमी विकासकाने द्यावी, असे निर्देशांत आहे. ती सोडून देऊ नका. विकासक बाजारात चांगला म्हणून ओळखला जातो या सबबीवर अनेक संस्था ती सोडतात आणि पुढे पस्तावतात. नव्या इमारतीत राहण्यास परवानगी देणारे महापालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र मिळून ताबा मिळेपर्यंत भाडे चालू राहील, असे लिहून घ्या. ‘चोवीस महिने’ असा आकडा घालून थांबू नका. पहिल्या वर्षाचे भाडे, अनामत आणि सामान हलवण्याचा खर्च घर सोडण्यापूर्वी हाती पडला पाहिजे. सर्व परवानग्या मिळेपर्यंत कोणीही घर रिकामे करू नये. नव्या सदनिकांचे वाटप शक्यतो सध्याच्या मजल्यांच्या क्रमाने करावे, असे निर्देश सांगतात. त्यामुळे सरांना सर्वांत खालच्या निवासी मजल्यावर, लिफ्टलगतची सदनिका देण्याचा ठराव इतर सतरा जण करू शकतात. लिफ्टला जनित्राची जोड असेल, हेही करारात घाला. बांधकाम चालू असताना एखाद्या सभासदाचे निधन झाले, तर त्याच्या वारसांना हेच सर्व हक्क मिळतील, असे एक कलम असू द्या. वयस्कर सभासदांना या कलमाचा किती आधार वाटतो, हे मी वकिलीत वारंवार पाहिले आहे.

पाणी तोडण्याचा विचार मनातून काढून टाका. तसे केलेत तर त्याच दिवशी सर न्यायालयात अन्यायग्रस्त म्हणून उभे राहतील आणि संस्थेच्या बाजूचे सगळे निकाल मागे पडतील. शिवाय आपल्यावर व समितीवर व्यक्तिशः कारवाई ओढवू शकते. हकालपट्टीचीही तीच गत आहे. सभासदाला काढण्यासाठी तीन चतुर्थांश बहुमताचा ठराव आणि निबंधकांची मान्यता लागते आणि सभेच्या निर्णयाला वकिलामार्फत हरकत घेणे हे काही संस्थेच्या हिताविरुद्धचे गैरवर्तन नव्हे. तिसरी एक वाट आपल्याला कोणी सुचवील. महापालिकेकडून इमारत अतिधोकादायक ठरवून घ्यायची आणि त्या नोटिशीच्या जोरावर सरांना बाहेर काढायचे. इमारत खरोखर त्या अवस्थेत असेल, तर सभेची वाट न पाहता आजच महापालिकेला कळवा, कारण तिथे अठरा कुटुंबे राहतात. ती तशी नसेल, तर मागवून घेतलेला अहवाल दुसऱ्या अभियंत्याच्या तपासणीत उघडा पडतो.

नव्या सभेत रीतसर ठराव झाला, नवा विकासक ठरला, कराराची नोंदणी झाली, परवानग्या आल्या आणि तरीही सर घर सोडायला तयार झाले नाहीत, तर काय? तेव्हा करारातील लवाद कलमाच्या (तंटा त्रयस्थ लवादाकडे सोपवण्याच्या अटीच्या) आधारे विकासकाला लवाद व समेट अधिनियम, १९९६ च्या कलम ९ खाली अंतरिम आदेशासाठी अर्ज करता येतो आणि त्यात संस्थेला व सरांना प्रतिवादी केले जाते. मुंबईच्या निकालांत हे अर्ज थेट उच्च न्यायालयात झालेले दिसतात, म्हणून काही जणांना वाटते की आपल्यालाही तिथे जावे लागेल. तसे नाही. कोल्हापूरसाठी हा अर्ज येथील जिल्हा न्यायालयात होतो. आदेश मिळाल्यावर ९० दिवसांच्या आत लवादाची कार्यवाही सुरू करावी लागते, हे विकासकाच्या वकिलांना आधीच विचारून ठेवा. दुसरीकडे, सरांना ठरावाला आव्हान द्यायचे असेल तर त्यांना सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात वाद दाखल करता येतो आणि तिथे ते तात्पुरती मनाईही मागू शकतात. तो त्यांचा हक्क आहे. त्याचा राग मानू नका. मात्र सभेत गप्प राहून, इतर घरे रिकामी झाल्यावर उशिरा न्यायालयात धावणाऱ्या सभासदाला दिलासा मिळणे अवघड असते, हे त्यांच्या वकिलांनाही ठाऊक असेल. प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेलेच, तर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते पीठ) सुरू झाल्याने त्यासाठी मुंबईच्या फेऱ्या कराव्या लागणार नाहीत. वयस्कर पक्षकाराच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे आणि ती सरांनाही तितकीच उपलब्ध आहे.

आता नोटिशीच्या उत्तराविषयी. ते वकिलांकडून पाठवा, पण मसुदा समितीत वाचून घ्या. गेल्या वर्षीच्या सभेच्या ठरावावर संस्था विसंबून राहणार नाही, विकासकाची निवड नव्याने होईल आणि सरांच्या सर्व हरकती नव्या सभेपुढे लेखी ठेवल्या जातील, एवढे तीन मुद्दे त्यात यावेत. बागेबद्दलचे आपले म्हणणे मूळ करार पाहिल्याशिवाय लिहू नका. अध्यक्षांना नव्या सभेचे अध्यक्षस्थान दुसऱ्या सभासदाकडे सोपवण्यास सांगा आणि ते का सोपवले, याची नोंद इतिवृत्तात असू द्या. हे उत्तर सरांच्या वकिलांकडे पोहोचले, की समितीतील एकाने, शक्यतो सरांच्या विद्यार्थ्यांपैकी किंवा त्यांच्या वयाच्या कोणी, त्यांच्याकडे जाऊन व्यवहार्यता अहवालाची प्रत द्यावी आणि नव्या करारात त्यांना कोणती कलमे हवी आहेत ती लिहून मागावीत.